मागून साडेतीन इंची, आत दोन इंची

दिल्लीत गाडीचा सायलेन्सर बदलायला आलेला तरुण इंजिनाबद्दल सहसा बोलतच नाही. बोटांचं वर्तुळ करून दाखवतो आणि म्हणतो, ‘उस्ताद, ढाई इंच डाल दो.’ करोल बागेतल्या नाईवाल्यात किंवा मायापुरीच्या वर्कशॉपांत मुरलेला मिस्त्री त्यावर वाद घालत नाही. मान डोलावतो, गाडीखाली दोन इंची पाइप टाकतो आणि शेवटी साडेतीन इंची चकचकीत टोक जोडून देतो. मागून दिसतं तेवढंच गिऱ्हाईक बघतं. आवाज भारदस्त, पिकअप शाबूत, दोघंही खूश. याला फसवणूक म्हणायचं का? पैसे दोन इंचीचेच घेतले असतील, तर मी म्हणणार नाही.

करोल बागेच्या सराफीत आपल्या विटा-आटपाडीकडची गलाईवाली घरं आहेत. त्यातल्याच एका पोरानं मात्र हट्टानं खरोखरीचा अडीच इंची टाकून घेतला. गाडी होंडा सिटी, ग्रेटर नोएडाच्याच कारखान्यातून निघालेली दीड लिटरची व्हीटेक, मूळची १०६ अश्वशक्तीची. टर्बो वगैरे काही नाही. बदल म्हणाल तर एअर फिल्टर आणि हेडर, म्हणजे सिलेंडरांचा धूर एकत्र आणणारे पाइप, एवढाच. रात्री मोकळ्या रस्त्यावर गाडी गरजायची. सकाळी शादीपूरच्या सिग्नलवरून दुसऱ्या गिअरात उचलायची म्हटलं, की हातपाय गाळायची. पोरानं क्लचवर संशय घेतला, नवा टाकला. फरक काडीचा नाही.

मिस्त्रीनं हेडरवरचा ऑक्सिजन सेन्सर काढला, त्या भोकात प्रेशर गेज बसवला आणि पूर्ण आरपीएमला काटा बघितला. हलतच नव्हता. म्हणजे धुराला कुठे अडथळाच नव्हता, मग गाडी मंद का? ‘इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतं’ असं बाजारात सर्रास सांगतात, ते चूक. लागतो तो धुराचा वेग. वेगानं निघालेला धूर मागे कमी दाब सोडतो आणि सिलेंडरमधला उरलासुरला धूरही ओढून नेतो. दोनचा अडीच इंच केला की पाइपाचं क्षेत्रफळ दीडपटीहून जास्त होतं, वेग एक तृतीयांशाहून अधिक पडतो. शहरातल्या दोन-अडीच हजार आरपीएमला, जिथे मुळात धूरच कमी, तिथे हे जाणवतं.

फॅब्रिकेटरांचा एक ठोकताळा आहे: एका अश्वशक्तीमागे मिनिटाला २.२ घनफूट धूर, आणि पाइपाच्या एका चौरस इंचातून साधारण ११५ घनफूट आरामात जातो. बाहेरच्या मापातून पत्र्याची जाडी वजा केली, तर या हिशेबानं पावणेदोन इंची पाइप १०८ अश्वशक्तीपर्यंत पुरतो, दोन इंची १४४, अडीच इंची २३२. व्हीटेकला दोन इंचीसुद्धा ऐसपैस.

खरी गोम मला गाडीखाली दिसली. मागच्या अॅक्सलवरून जाणारं, काढून टाकलेल्या जुन्या पाइपाचं वळण तिथेच पडलं होतं. प्रेस मशीनवर वाकवलेलं, म्हणून पोटात दबलेलं. दोन इंचीचा तिथे जेमतेम दीड उरला होता. कितीही जाड पाइप घ्या, वळण असं दबलेलं असेल तर धूर त्या चिमटीतूनच जाणार. मिस्त्रीनं मॅन्ड्रेल बेंड, म्हणजे गोलाई न दबणारी वळणं, वापरून दोन इंची पाइप नव्यानं बांधला, मध्ये आवाजातली घरघर दाबणारा रेझोनेटर टाकला. काटा दोन पीएसआयच्या आत राहिला. शादीपूरची तक्रार संपली. वळणांचे पैसे पाइपापेक्षा जास्त झाले, आणि ते योग्यच होते. तुमचं बजेट तोकडं असेल तर टोकावर काटकसर करा, वळणांवर नको.

आवाजाचं गणित मात्र इंचात मांडत नाहीत, तिथे कायदा आडवा येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली ध्वनी आणि प्रदूषणाच्या मर्यादा मोडल्यास पहिल्याच खेपेला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्सही तीन महिने हातचं जातं.