वजन उतरवायचं, दुसऱ्यांदा

दिवाळीचा फराळ संपला की पर्वती, तळजाई, शिवाजी पार्क अशा ठिकाणी सकाळची गर्दी वाढते. जानेवारीत ती आणखी फुगते. या गर्दीतले सगळेच काही नवखे नसतात. आठ-दहा किलो एकदा उतरवलेले, मग लग्नसराई, बदली, आजारपण, मुलांच्या परीक्षा यांत खंड पडलेले आणि आता वजन व्याजासकट परत आलेले असे बरेच जण त्यात असतात. हा लेख त्यांच्यासाठी आहे. मागच्या वेळचं वेळापत्रक कपाटातून काढायचं आणि सोमवारपासून तेच सुरू करायचं, असा त्यांचा बेत असतो. घोडं तिथेच पेंड खातं. मागचा बेत खंड पडल्यावर टिकला नव्हता, हीच त्या बेताची खरी परीक्षा होती.

गेलेलं वजन परत का येतं

‘जिभेवर ताबा नाही’ हे घरोघरचं निदान. ते अर्धंच खरं आहे. शरीरातल्या चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडतात. साठा पुरेसा आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन वाढतं. मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना १० आठवडे अतिशय कमी कॅलरींच्या आहारावर ठेवलं होतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, वजन उतरून वर्ष झाल्यावरही त्यांची संप्रेरकं मूळ पातळीवर आलेली नव्हती आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांचा. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी त्यांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलं होतं, पण त्यांचं शरीर नुसतं बसून असताना जेवढी ऊर्जा खर्चायला हवी त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी खर्चत होतं. स्पर्धेतली घट अघोरीच होती, त्यामुळे तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू करू नये. दिशा मात्र तीच असते.

याशिवाय, उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात. वजन परत येताना मुख्यतः चरबीच येते. म्हणजे काट्यावर तोच आकडा दिसला, तरी आतला माणूस बदललेला असतो. पुन्हा सुरुवात करताना जास्त कडक नव्हे, उलट जरा सैल बेत आखायचा आणि स्नायू राखायचे, ते यासाठी.

भारतीय पोटाचा वेगळा हिशेब

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी, ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. म्हणूनच भारतीयांसाठी २३ च्या पुढचा बीएमआय जादा वजन आणि २५ च्या पुढचा स्थूलता धरतात. कमरेचा घेर पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा.

टेप लावायची ती शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून. पोट आत ओढून मोजण्यात अर्थ नाही. पायजम्याला नाडी होती तोवर पोट सुटल्याचं आपोआप कळायचं. इलॅस्टिकच्या ट्रॅकपँटने ती सोय घालवली.

काटा काय सांगतो, काय सांगत नाही

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरतात आणि माणूस हरखतो. ते बहुतांशी पाणी असतं. यकृत आणि स्नायू साखरेचा जो साठा, म्हणजे ग्लायकोजेन, ठेवतात, त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं कमी झालं की दोन्ही जातात. लग्नाचं एक जेवण आणि पापड-लोणचं झालं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दाखवतो, तेही पाणीच. ठरावीक वारी, सकाळी, शौचानंतर वजन करावं आणि तीन-चार आठवड्यांचा कल पाहावा.

ध्येय किती ठेवायचं? अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. सुमारे ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. ८० किलोच्या माणसाचे हे साडेपाच किलो होतात. कॉलेजातला फोटो समोर ठेवून आकडा ठरवू नये.

स्वयंपाकघरातला हिशेब

ताट बदलण्याआधी तेलाचा डबा बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या नमुना ताटात तेल-तुपासाठी माणशी दिवसाला २७ ग्रॅम धरले आहेत. चौघांच्या घराला महिन्याचा हिशेब होतो जेमतेम साडेतीन लिटर, तोही तूप-लोणी धरून. ज्या घरात पाच लिटरचा डबा महिनाभरात रिकामा होतो, तिथे माणशी ३८ ग्रॅम पोटात जातात. वरच्या ११ ग्रॅमच्या झाल्या रोजच्या सुमारे १०० कॅलरी, बाहेरचं खाणं सोडून. फोडणीला पळीने तेल ओतायची सवय असेल तर पळीऐवजी पोह्याचा चमचा घ्या. भाजी बिघडत नाही. वांग्याच्या भरताला जास्त तेल लागतं, हे मान्य. ते रोज कुठे करतो आपण?

मग चहा. दोन चमचे साखरेचे तीन कप म्हणजे ३० ग्रॅम साखर. याच संस्थेची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २० ते २५ ग्रॅम आहे. बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत. एकदम बिनसाखरेचा चहा चार दिवस टिकतो. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी केला तर जिभेला कळतही नाही.

प्रथिनांचं गणित मराठी ताटात बहुधा कच्चं राहतं. शिफारस आहे वजनाच्या दर किलोला दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. पातळ आमटीच्या वाटीत डाळ असते मूठभर, त्यामुळे ‘वरण खातो की रोज’ एवढ्याने भागत नाही. अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. मोड आलेली मटकी, मूग, हरभरे, पिठलं, मासळी यांतलं काही ना काही दोन्ही जेवणांत दिसलं पाहिजे. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू वाचतात. दुसऱ्यांदा सुरुवात करणाऱ्याने एकच गोष्ट बदलायची म्हटली, तर मी ही सुचवीन.

उपवास आणि दोन वेळचं जेवण

एकादशी अन् दुप्पट खाशी हे कोणी उगाच म्हटलेलं नाही. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी समोर ठेवू. ६० ग्रॅम साबुदाणा म्हणजे साधारण २१० कॅलरी, ३० ग्रॅम दाण्याचा कूट १७०, दोन चमचे तूप ९०, अर्धा बटाटा ४०. बेरीज ५१० आणि प्रथिनं जेमतेम आठ ग्रॅम, तीही सगळी कुटाची, कारण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. ज्वारीची एक भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर आणि पेलाभर ताक मिळून सुमारे ४०० कॅलरी होतात आणि प्रथिनं दुप्पट मिळतात. उपवास धर्मासाठी करायचा असेल तर जरूर करावा. वजनासाठी करायचा असेल तर वरी, राजगिरा, ताक, फळ यांवर भागवावं आणि खिचडीला हात आखडता घ्यावा.

डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घराघरांत पोचवलेली पद्धत सांगते, दिवसातून दोनदाच आणि दर वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा. ऋजुता दिवेकर सांगतात, घरचं, हंगामी, तूप न टाळता, थोडं थोडं खा. कित्येक घरांत सासूबाई दीक्षित आणि सूनबाई दिवेकर असतात. दोन्हीकडच्या लोकांचं वजन उतरलेलं आपण पाहतो, कारण दोन्हींत फरसाण, बिस्किटं आणि रात्री उशिराचं चरणं आपोआप सुटतं. जी पद्धत तुमच्या कामाच्या वेळांत आणि डब्यात बसते ती घ्यावी. मागच्या वेळी एक केली असेल आणि दुपारी चारला डोकं गरगरलं असेल, तर या वेळी पुन्हा तीच कशाला? दोन्ही पद्धतींची सोयीची कलमं तेवढी उचलून तिसरीच पद्धत बनवू नये मात्र. तूप दिवेकरांचं, लाडू सासूबाईंचा आणि वेळा कोणाच्याच नाहीत, असं होतं.

व्यायाम: निम्म्यापासून

खंड पडण्याआधी जेवढं करत होतात त्याच्या निम्म्यावर सुरू करा. दम लवकर परत येतो, स्नायूबंध आणि सांधे मागे राहतात. तिसऱ्या आठवड्यात टाच किंवा गुडघा धरला की पुन्हा खंड, तो यामुळेच. स्नायू दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढतं आणि ओसरतं. सांध्यात टोचणारं, सूज आणणारं दुखणं वेगळं, तिथे थांबायचं.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायामाची आणि निदान दोन दिवस ताकदीच्या व्यायामाची आहे. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत वेग. आपण चालण्याचा भाग घेतो आणि ताकदीचा विसरतो. त्याला जिमच लागतं असं नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं इथून सुरुवात होते. पुढे जोर-बैठका आहेतच. सूर्यनमस्कारही आहेत. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर त्यांच्या प्रचाराचं व्रतच घेतलं होतं. ज्यांना गुडघ्याचा, पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी मात्र ते विचारून करावेत. पहिल्याच दिवशी बारा घालण्याची गरज कोणालाच नाही.

चालून वजन उतरतं, पण खाल्लेलं फेडण्याचं ते साधन नव्हे. ६५ किलोचा माणूस एक किलोमीटर चालताना ५०-६० कॅलरी खर्चतो. एका वडापावच्या अडीचशे-तीनशे फेडायला पाच किलोमीटर हवेत. रविवारी सिंहगड चढून वर पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातलं दही खाऊन उतरणाऱ्यांनी तो आनंद जरूर घ्यावा. वजनाच्या खात्यात मात्र तो मांडू नये.

डॉक्टरांना कधी विचारायचं

मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी विचारायलाच हवं. औषधाचा डोस तोच आणि खाणं निम्मं, म्हणजे साखर धोकादायक घसरू शकते. रक्तदाबाच्या औषधांचंही तसंच. चढ चढताना छाती भरून येत असेल, गरोदरपण असेल, पूर्वी खाण्याशी संबंधित मानसिक त्रास झाला असेल तर स्वतःचा बेत स्वतः आखू नये. काही न करता वजन वाढत असेल तर थायरॉइड आणि चालू औषधं तपासून घ्यावीत.

वजन उतरवणारी इंजेक्शनं आता भारतातही मिळतात. सेमाग्लुटाइडच्या एका मोठ्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग परत आला. इंजेक्शन वाईट असा याचा अर्थ नाही. भुकेची तीच यंत्रणा औषध थांबताच पुन्हा जागी होते.

वाईट आठवड्याचं वेळापत्रक

बहुतेक बेत चांगल्या आठवड्यासाठी आखलेले असतात. वेळेवर झोप, घरचा डबा, पावसाची उघडीप, पाहुणे नाहीत. असा आठवडा वर्षात क्वचितच येतो. म्हणून दोन वेळापत्रकं लिहावीत. एक नेहमीचं आणि एक घरात आजारपण किंवा ऑफिसात मार्चअखेर असतानाचं. दुसऱ्यात एवढंच: दहा मिनिटं चालणं, वीस वेळा खुर्चीतून उठणं, दोन जेवणांत उसळ, अंडं किंवा दही, आणि वजनाची एक नोंद. नोंद चुकवायची नाही, आकडा वाढला असला तरी. किंबहुना तेव्हा तर नाहीच.

लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या २०१० च्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४ दिवस, इतका फरक होता. ‘२१ दिवसांत सवय’ वगैरे सोडून द्यावं. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. नुकसान त्या दिवसाचं नसतं, ‘आता मोडलंच आहे तर सोमवारपासून बघू’ म्हणत घालवलेल्या पुढच्या पाच दिवसांचं असतं.

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालवली जाते. निदान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर टिकवलेल्या लोकांची. त्यांनी वजन उतरवलं ते वेगवेगळ्या मार्गांनी. टिकवताना मात्र बहुतेक जण नियमित वजन करतात, रोज तासभराच्या आसपास व्यायाम करतात आणि शनिवार-रविवारचं खाणं इतर दिवसांसारखंच ठेवतात.

आपल्याकडे शनिवार-रविवारपेक्षा गणपती ते दिवाळी हा मोठा टप्पा. मोदक, नवरात्राचे उपवास, कोजागरीचं दूध, मग फराळ. या दोन-अडीच महिन्यांत वजन उतरवण्याचा हट्ट धरू नये. गणेश चतुर्थीला जो आकडा असेल तो भाऊबीजेला एक किलोच्या आत राहावा, एवढंच ध्येय ठेवावं. चकली करायचा दिवस आणि खायचे दिवस ठरवून घ्यावेत, उरलेला डबा शेजारी पोचवावा. उतरवण्याचं काम तुळशीच्या लग्नानंतर, थंडी पडायला लागते आणि बाजारात मेथी, मुळा, हरभऱ्याचा पाला, ओला वाटाणा स्वस्त होतो, तेव्हा पुन्हा हाती घ्यावं.