अमेरिकेत घर घेताना ‘रेडॉन टेस्ट’ का करतात? शेजारच्याचा रिपोर्ट का चालत नाही?

डिसेंबर १९८४. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील लिमरिक अणुऊर्जा प्रकल्पात स्टॅनली वॉट्रस हे अभियंते तपासणी यंत्रातून गेले की किरणोत्सर्गाचा अलार्म वाजायचा. प्रकल्पातून वीजनिर्मिती तर सुरूही झाली नव्हती. शोध घेतल्यावर कारण सापडले ते त्यांच्या बॉयरटाउनजवळच्या घरात. तिथल्या हवेत रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी होते. आज अमेरिकेत ४ पिकोक्युरीला उपाय करा, असे सांगितले जाते.

या घटनेनंतर घरोघरच्या रेडॉन चाचणीकडे अमेरिकेचे लक्ष गेले. पेनसिल्व्हेनियातून न्यूजर्सी आणि न्यूयॉर्कमार्गे कनेक्टिकटपर्यंत गेलेला ‘रीडिंग प्रॉंग’ हा खडकपट्टा त्यामुळे चर्चेत आला. न्यूजर्सीत अनेक मराठी कुटुंबेही राहतात. घर खरेदी करताना त्यांच्यासमोरही ही चाचणी येतेच.

रेडॉन म्हणजे काय?

खडक आणि मातीतील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन वायू तयार होतो. त्याला रंग, वास, चव काहीच नाही. मोकळ्या हवेत तो विरून जातो. मात्र पायाच्या भेगा, पाइपभोवतीच्या फटी यांतून तो घरात शिरतो आणि बंद तळघरात साचतो. श्वासावाटे गेलेले त्याचे किरणोत्सारी कण फुफ्फुसाच्या पेशींना इजा करतात.

धोका किती?

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) अंदाजानुसार, तिथे रेडॉनमुळे फुफ्फुसाच्या कर्करोगाने वर्षाला सुमारे २१ हजार मृत्यू होतात. या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानानंतर रेडॉनचाच क्रमांक लागतो. धूम्रपान करणाऱ्यांना धोका आणखी जास्त असतो. त्रास लगेच जाणवत नाही, त्यामुळे मोजल्याशिवाय कळत नाही.

शेजाऱ्याचा रिपोर्ट का चालत नाही?

जमीन, पाया, भेगा आणि हवा खेळण्याची सोय प्रत्येक घरात वेगळी असते. त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन घरांतील आकड्यांतही मोठा फरक पडू शकतो. नकाशा फक्त परिसराचा अंदाज देतो.

घरी चाचणी कशी करतात?

• कोळशाचे छोटे किट साधारण २ ते ७ दिवस ठेवतात.
• वापरात असलेल्या सर्वांत खालच्या मजल्यावर ते ठेवावे. स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळावे.
• १२ तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत दारे-खिडक्या बंद ठेवाव्यात. नेहमीचे येणे-जाणे चालते.
• मुदत संपताच किट सील करून प्रयोगशाळेकडे पाठवावे. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे उशीर झाल्यास आकडा चुकू शकतो.
• आकडा ४ किंवा जास्त आल्यास दुसरी चाचणी करून खात्री करावी. वर्षाचे सरासरी चित्र हवे असल्यास ९० दिवसांहून अधिक काळाची चाचणी असते.

महाराष्ट्रात काय?

राज्याच्या मोठ्या भागाखाली बसाल्ट आहे. ग्रॅनाइटच्या तुलनेत त्यात युरेनियम कमी असते. शिवाय आपल्याकडे राहती तळघरे क्वचितच आढळतात आणि खिडक्या बराच वेळ उघड्या असतात.

आकडा जास्त आला तर घर सोडायचे?

नाही. फरशीखालून पाइप टाकून पंख्याने हा वायू छपराच्या वर सोडतात. त्यानंतर पुन्हा चाचणी करून खात्री करतात. वॉट्रस कुटुंबाला तेव्हा घर सोडावे लागले होते. दुरुस्तीनंतर ते त्याच घरात राहायला परतले.