गॅरेजची जमीन आणि ठेकेदाराची निवड
भोर-वेल्हे परिसरातील घरमालकांसाठी काही विचार

सह्याद्रीच्या पूर्व उतारावर वसलेल्या भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या तालुक्यांत गेल्या काही दशकांत घरबांधणीचे स्वरूप पुष्कळच पालटले आहे. कौलारू घराच्या पडवीत जेथे बैलगाडी उभी राहत असे, तेथे आज मोटारसायकल, जीप किंवा ट्रॅक्टर उभा दिसतो. घराला लागून स्वतंत्र गॅरेज बांधण्याची प्रथाही रूढ झाली आहे. या गॅरेजची जमीन बहुधा सिमेंटच्या कोब्याची असते. काही वर्षांत तिची धूळ निघू लागते, तेलाचे डाग पडतात, कोठे चिरा जातात. मग तीवर इपॉक्सीसारखा रासायनिक लेप द्यावा, किंवा पूर्वी दिलेला लेप उखडला असल्यास तो नव्याने करून घ्यावा, असा विचार घरमालकाच्या मनात येतो. कामाचा खर्च थोडाथोडका नसतो आणि बिघडलेला लेप काढणे हे नवा देण्याहून कष्टाचे असते. म्हणून हे काम कोणाच्या हाती द्यावे, हा प्रश्न विचारपूर्वक सोडविला पाहिजे.

पूर्वी ही जमीन शेणाने सारवली जाई. दर आठ-पंधरा दिवसांनी घरातील स्त्रियाच तिला नवा लेप देत आणि त्यासाठी ठेकेदार लागत नसे. सारवलेली जमीन खालची ओल वर येऊ देई, वाऱ्याने ती सुकून जाई. सिमेंटचा कोबा दिसावयास घट्ट असला तरी त्यातही अतिसूक्ष्म छिद्रे असतात आणि जमिनीतील ओल त्यांतून सतत वर चढत असते. उघड्या कोब्यावरून ती हवेत निघून जाते, त्यामुळे सहसा आपल्या लक्षात येत नाही. अशा कोब्यावर अभेद्य लेप चढविला की ओलीची वाट बंद होते. तिच्याबरोबर आलेले क्षार लेपाखाली साठतात, चिकटपणा नष्ट होतो, प्रथम लहान फोड येतात आणि पुढे गाडीच्या चाकाबरोबर पापुद्रे निघू लागतात. घराच्या भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार, फक्त जमिनीवर घडणारा.

हिरडस मावळ, गुंजण मावळ आणि कानद खोरे या भागांत पावसाळ्याचे तीन-चार महिने जमीन पाण्याने तुडुंब भरलेली असते. घरामागे भाताची खाचरे, वरच्या अंगाला डोंगरउतार, अशा ठिकाणी जोत्याखाली पाणी झिरपत राहते. उलट भोर तालुक्याच्या पूर्व भागात, नसरापूर-किकवीच्या बाजूला, पाऊस बराच कमी पडतो. एकाच तालुक्यातील दोन गॅरेजांना एकच उपाय लागू पडेल असे म्हणूनच समजू नये. गॅरेज बांधताना मुरुमाच्या भरावावर दगडी सोलिंग केले होते काय, कोब्याखाली जाड पॉलिथिनचा कागद अंथरला होता काय, हे ज्या गवंड्याने काम केले त्याला विचारून घ्यावे. बहुतेक जुन्या कामांत असा कागद घातलेला नसतो.

यावरून ठेकेदाराची पहिली पारख करता येते. जो येताच रंगांचे नमुने दाखवितो आणि चौरस फुटाचा भाव सांगतो त्याच्यापेक्षा, “श्रावणात ही जमीन कशी दिसते?” असे विचारणारा अधिक विश्वासास पात्र होय. ओलीची साधी परीक्षा कोणासही करता येते. सुमारे ४५ सेंटीमीटर लांबीरुंदीचा स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद कोब्यावर पसरून त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद कराव्यात आणि किमान १६ तास तसाच राहू द्यावा. कागद काढल्यावर त्याच्या खालच्या बाजूस पाण्याचे थेंब दिसले किंवा तेवढाच कोबा काळपट झालेला आढळला, तर खालून ओल येत आहे हे निश्चित समजावे. मात्र ही परीक्षा एप्रिल-मेमध्ये केल्यास ती फसवी ठरू शकते. वैशाखात कोरडी ठणठणीत असलेली जमीन ऑगस्टमध्ये पाझरू लागते. म्हणून परीक्षा भर पावसाळ्यात, दोन-तीन ठिकाणी करावी आणि काम मात्र फेब्रुवारी ते मे या कोरड्या दिवसांत काढावे. घाई करणाऱ्यास हा सल्ला रुचणार नाही, परंतु या भागात तोच खरा काटकसरीचा आहे.

परीक्षेत ओल आढळल्यास प्रामाणिक ठेकेदार दोनच गोष्टी सांगेल. एक, ओल सहन करणारा खास प्राथमिक थर आधी द्यावा लागेल व त्याचा खर्च वेगळा पडेल. दुसरी, लेप देऊच नये आणि कोब्याची डागडुजी करून तो तसाच उघडा ठेवावा. ज्या गॅरेजात चिखलणीच्या लोखंडी चाकांसह ट्रॅक्टर आत येतो तेथे दुसरा सल्लाच योग्य आहे, कारण ती चाके कोणताही लेप खरवडून काढतात. काम नाकारणारा ठेकेदार कामाचा नाही, असा समज घरमालकाने करून घेऊ नये.

यानंतर पृष्ठभागाच्या तयारीविषयी विचारावे. जुना लेप, तेल आणि सिमेंटचा कच्चा थर घासाई यंत्राने काढल्याशिवाय नवा लेप टिकत नाही. केवळ आम्लाने धुऊन काम भागविणे हे कमी प्रतीचे, कारण आम्लाने तेल निघत नाही आणि ते नीट धुतले न गेल्यास स्वतःच अपाय करते. तयार पृष्ठभागावर थोडे पाणी शिंपडावे. ते मुरले तर ठीक, थेंब तसेच उभे राहिले तर तेल किंवा जुना लेप अद्याप शिल्लक आहे. इपॉक्सीच्या जमिनींसाठी भारतीय मानक ४६३१ उपलब्ध आहे, ठेकेदाराला ते ठाऊक आहे काय हेही पाहावे.

साहित्याचा हिशेब तर शाळेतील मुलालाही करता येईल. द्रावक नसलेला एक लिटर लेप एक चौरस मीटरवर पसरला तर त्याची जाडी एक मिलिमीटर होते. २० फूट लांब व १२ फूट रुंद गॅरेजचे क्षेत्रफळ सुमारे २२.३ चौरस मीटर भरते. त्यावर ०.३ मिलिमीटर जाडी हवी असेल तर जवळजवळ ६.७ लिटर माल लागेल. ठेकेदाराने चार लिटरचाच डबा आणला, तर दोन हात मारूनही जाडी ०.१८ मिलिमीटरपेक्षा अधिक होणार नाही. मालात निम्मे द्रावक किंवा पाणी असेल तर ते उडून जाते आणि जाडी त्याच्याही निम्मी राहते. तेव्हा “दोन कोट” एवढ्या शब्दांवर समाधान न मानता वाळल्यानंतरची जाडी आणि मालाचे लिटर करारात लिहून घ्यावेत व डबे आपल्यासमोर उघडावयास सांगावे. दरपत्रके तीन घेतली तरी जोवर त्यांतील जाडी, तयारी आणि माल सारखा नाही तोवर त्यांची तुलना निरर्थक ठरते. सर्वांत स्वस्त दरपत्रक बहुधा घासाईचे काम वगळून केलेले असते.

ठेकेदाराची पूर्वीची कामे अवश्य पाहावीत, पण ती किमान दोन पावसाळे काढलेली असावीत. कारखान्यात केलेली चकचकीत जमीन हा पुरेसा पुरावा नव्हे, कारण तेथे बांधतानाच खालून ओलीचा बंदोबस्त केलेला असू शकतो. आपल्याच खोऱ्यातील एखादे घर पाहता आले तर उत्तम. हमीपत्रातील बारीक मजकूर वाचावा. “जमिनीतील ओलीमुळे झालेले नुकसान वगळून” असे कलम त्यात असेल, तर या परिसरात त्या हमीचा उपयोग फारसा नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने द्यावी आणि शेवटचा हप्ता काम तपासूनच द्यावा. शक्य असल्यास त्यातील काही भाग पहिल्या पावसाळ्यानंतर देण्याचे ठरवावे.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी जमिनीचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश सेल्सिअसने अधिक असावे लागते. त्यामुळे हिवाळ्यात पहाटे दव पडल्यावर काम सुरू करू नये. घासाईच्या धुळीपासून कामगारांना मुखपट्टी व लेपापासून हातमोजे मिळतात की नाही, हे पाहणे घरमालकाचेही कर्तव्य आहे. लेपावर एक दिवसाने चालता येते, परंतु गाडी साधारणतः सात दिवस आत आणू नये. भाताची पोतीही तोवर दुसरीकडे ठेवावीत.

एवढी दक्षता घेऊनही काम बिघडले आणि ठेकेदार दाद देईना, तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये पुणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांत शुल्क आकारले जात नाही. प्राथमिक मार्गदर्शन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मिळते. मात्र त्यासाठी पावती, लेखी करार आणि कामाआधीची व नंतरची छायाचित्रे हाती असावी लागतात. गावोगावी अशी कामे पावतीविना, रोखीने, तोंडी शब्दावर दिली जातात. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी कराराचा एक साधा नमुना तयार करून ग्रामपंचायत कार्यालयात ठेवला आणि त्यात ओलीची परीक्षा, लेपाची जाडी, मालाचे लिटर व हप्ते यांसाठी रकाने आखले, तर गॅरेजप्रमाणेच शाळेच्या व अंगणवाडीच्या जमिनीच्या कामासाठीही तो उपयोगी पडेल.