बोरॉनिक आम्लें व त्यांचे उपयोग

सोनार डाग देतांना जो टाकणखार वापरतो त्यांत बोरॉन नांवाचें मूलद्रव्य असतें, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक आहेच. फुलकोबीचा गड्डा तपकिरी पडूं लागला किंवा द्राक्षाच्या घडांत मोठ्या मण्यांबरोबर बारीक मणी तसेच राहूं लागले, म्हणजे जाणता बागाईतदार याच द्रव्याच्या उणिवेचा संशय घेतो. परंतु बोरॉनचा आणखी एक परिवार आहे. तो खताच्या पोत्यांत येत नाहीं. तथापि त्याच्या साह्यानें झालेलीं औषधें आतां पिकांवर आणि घरांतील रोग्यापर्यंत, दोन्हीकडे पोंचलीं आहेत. या परिवारास बोरॉनिक आम्लें म्हणतात.

बोरिक आम्लांत बोरॉनच्या अणूभोंवतीं प्राणवायु व उज्ज यांच्या तीन जोड्या असतात. त्यांतील एक जाऊन तिच्या जागीं कर्बाचा अणु आला, म्हणजे बोरॉनिक आम्ल झालें. एडवर्ड फ्रँकलंड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें या जातीचें पहिलें आम्ल १८६० सालीं तयार केलें. पुढें शंभर वर्षें तें बहुतांशीं प्रयोगशाळेंतील नवलाचा पदार्थ म्हणूनच राहिलें.

बोरॉनच्या अणूस इलेक्ट्रॉनांची एक जोडी कमी पडते, आणि ही उणीव भरून काढण्यास तो सदा टपलेला असतो. शर्करावर्गाच्या पदार्थांत प्राणवायु-उज्जाच्या जोड्या एकमेकींच्या शेजारीं असतात. त्या दोन जोड्यांस बोरॉन एकदम धरतो. ही पकड पक्क्या गांठीसारखी नसून सुरगांठीसारखी आहे. ती घट्ट बसते, परंतु परिस्थिति पालटतांच सुटतेहि.

झाडांत हेंच घडतें. बोरॉनवांचून घेवड्याच्या जातीचें झाड वाढत नाहीं, हें रॉथॅमस्टेड येथील कॅथरिन वॉरिंग्टन यांनीं १९२३ सालीं सिद्ध केलें. परंतु तो झाडांत करतो काय, याचा मुख्य उलगडा १९९६ सालीं झाला. पेशीच्या भिंतींतील दोन शर्करामय सांखळ्यांस तो मधें राहून एकत्र बांधतो. याकरितां त्याचे दोन्ही हात मोकळे असावे लागतात. बोरॉनिक आम्लाचा एक हात कर्बानें अडविलेला असल्यामुळें त्यास अशी बांधणी करतां येत नाहीं. वनस्पतिपेशींस फेनिलबोरॉनिक आम्ल दिलें असतां पोषण तर नाहींच, उलट बोरॉन तोडल्यासारखींच लक्षणें दिसतात. तेव्हां नांवाच्या साम्यावरून कोणीं याला खत समजूं नये. खुद्द टाकणखाराच्या बाबतींतहि उणीव व अतिरेक यांमधील अंतर फार थोडें असतें. माती तपासल्यावांचून तो सढळ हातानें टाकणें धोक्याचें आहे.

रसायनशास्त्रांत या आम्लांचें भाग्य उजाडलें तें जपानांत. होक्काइडो विद्यापीठांतील अकिरा सुझुकी व नोरिओ मियाउरा यांनीं १९७९ सालीं कर्बास कर्ब जोडण्याची नवी रीत प्रसिद्ध केली. कर्बाचा एक गट बोरॉनच्या खांद्यावर बसवावयाचा, दुसरा क्लोरीन किंवा ब्रोमीनला जोडलेला घ्यावयाचा आणि मधें पॅलेडियम या मोलवान धातूचा अंश व थोडा अल्क घालावयाचा. दोन्ही गट एकमेकांस चिकटतात व बोरॉन बाजूस होतो. या आम्लांस हवेची व पाण्याची विशेष बाधा होत नसल्यामुळें हें काम कारखान्यांत मोठ्या प्रमाणावर करतां येतें. सुझुकी यांनीं या रीतीचें पेटंट घेतलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस नोबेल पारितोषिकाहून लहान वाटत नाहीं. तें पारितोषिक त्यांना २०१० सालीं रिचर्ड हेक व एइ-इची नेगिशी यांच्यासह मिळालें.

बॉस्कॅलिड हें बुरशीनाशक याच रीतीनें, दरसाल हजार टनांहून अधिक, तयार होत आलें आहे. द्राक्षें, बटाटे व भाजीपाला यांवरील बुरशींच्या पेशींतील श्वसनाची क्रिया तें बंद पाडतें. त्यांत बोरॉनचा अणु शिल्लक राहत नाहीं. तेव्हां फवारणीनें बोरॉनची उणीवहि भरून निघेल, ही आशा व्यर्थ होय. शिवाय याच गटाचीं औषधें लागोपाठ मारल्यानें करडी बुरशी त्यांस दाद देत नाहींशी झाल्याचें अनेक देशांत आढळलें आहे. म्हणून गट पालटून फवारावें, आणि आपल्या पिकासाठीं मान्यता आहे कीं नाहीं हें डब्यावरील पत्रकांत आधीं पाहावें. रक्तदाबावरील लोसार्टनहि याच रीतीनें बनवितां येतें.

कांहीं औषधांत मात्र बोरॉन स्वतःच काम करतो. अस्थिमज्जेंतील मल्टिपल मायलोमा या कर्करोगावरील बॉर्टेझोमिब अमेरिकेंत २००३ सालीं मान्य झालें. पेशींत टाकाऊ प्रथिनें मोडणारें एक यंत्र असतें. त्याच्या नेमक्या कामाच्या जागीं बोरॉन पकड घेतो, कचरा तुंबतो व रोगट पेशी मरते. २०१७ सालीं मान्य झालेलें व्हाबोरबॅक्टम तर स्वतः जंतु मारीतच नाहीं. प्रतिजैविकाचा नाश करणारें जंतूंचें विकर तें धरून ठेवतें, म्हणजे मुख्य औषधास काम करण्यास वाव मिळतो. राखणदारानें पाखरें हाकावीं व पीक वांचावें, असा हा प्रकार आहे.

नव्या पदार्थांच्या शोधांतहि या आम्लांस स्थान आहे. २००५ सालीं ओमर याघी व त्यांचे सहकारी यांनीं बोरॉनिक आम्लाचे रेणु एकमेकांस जोडून मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र पदार्थ तयार केला. वायु साठविण्यास तो उपयोगी पडेल अशी अपेक्षा होती, परंतु ओलाव्यानें त्याचे सांधे सुटतात.

मधुमेह्यांच्या दृष्टीनें शर्करेची सुरगांठच अधिक मोलाची ठरली आहे. कातडीखालीं बसविण्याचें एक लहान उपकरण अमेरिकेंत २०१८ सालीं मान्य झालें. त्यांतील बोरॉनिक आम्लयुक्त द्रव्य शर्करा धरतें व सोडतें आणि त्याप्रमाणें त्याचा प्रकाश कमीअधिक होतो. त्यावरून साखरेचा चढउतार कळतो. याच गुणावर, साखर वाढली कीं आपोआप इन्सुलिन सोडणारे मऊ पदार्थ बनविण्याचे प्रयत्न चालूं आहेत. ते अद्याप प्रयोगाच्याच अवस्थेंत आहेत.