भिंतीवरचा लाल सिलिंडर

विष्णुपुरी म्हटलं की नांदेडकराला आधी धरण आठवतं, गोदावरीवरचं. पण या गावाच्या शिवारात रोजची वर्दळ असते ती विद्यार्थ्यांची. 1981 साली सुरू झालेलं श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालय इथलंच, 1994 साली स्थापन झालेलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ इथलंच, आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचं रुग्णालयही इथंच. तिन्हींचा तोंडवळा वेगळा, शिस्त वेगळी. एक वस्तू मात्र अशा कुठल्याही इमारतीत सारखी सापडते: व्हरांड्याच्या भिंतीला हुकावर टांगलेला लाल सिलिंडर.

त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याच्या आडोशाला छत्र्या उभ्या राहतात, त्याच्या हुकाला कुणीतरी पताकांची दोरी बांधतं. जवळ जाऊन पाहिलं तर गळ्यात एक कार्ड लोंबत असतं. त्यावर भरल्याची तारीख, पुढच्या तपासणीची तारीख आणि एक न वाचता येणारी सही. वर रुपयाएवढी एक तबकडी असते. तिचा काटा हिरव्या पट्ट्यात असेल तर आत दाब आहे, लाल पट्ट्यात घसरला असेल तर सिलिंडर नुसता शोभेचा. हे बघायला दोन सेकंद लागतात आणि त्यासाठी इंजिनिअर असावं लागत नाही.

या सिलिंडरच्या पोटात बहुतेक वेळा पिवळसर पांढरी भुकटी असते, मोनो अमोनियम फॉस्फेटची. मागे नायट्रोजनचा दाब. ही भुकटी ज्वाळेची साखळी तोडते आणि तापलेल्या लाकडा-कागदावर वितळून थर धरते, म्हणून ती कागद, पेट्रोल, गॅस अशा तिन्ही तऱ्हांच्या आगीवर चालते. त्यावरूनच तिला ‘एबीसी’ म्हणतात. वापरायची रीत चार हालचालींची. पिन ओढायची, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरायचं, दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखं डावीकडून उजवीकडे फिरवायचं. घाबरलेला माणूस हटकून ज्वाळेच्या शेंड्यावर मारतो आणि भुकटी हवेत जाते. सहा किलोचा सिलिंडर फार तर पंधरा-वीस सेकंद चालतो. म्हणजे तो कचऱ्याच्या पेटलेल्या डब्यासाठी आहे, पेटलेल्या खोलीसाठी नाही. ही त्याची मर्यादा कार्डावर लिहिलेली नसते.

संगणकाच्या लॅबमध्ये मात्र भुकटी मारली की आग विझते आणि यंत्रंही गंजून जातात. तिथे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर हवा, काळ्या भोंग्याचा. त्याला तबकडी नसते. तो वजन करूनच तपासायचा, दहा टक्के वायू कमी झाला की भरायला पाठवायचा. आणि वापरताना भोंगा उघड्या हाताने धरायचा नाही, बोटं गोठतात. हे शिकवल्याशिवाय कुणाला सुचणार?

अभियांत्रिकीचं आवार हे तर आगीच्या प्रकारांचं प्रदर्शनच. वस्त्रोद्योग विभागात कापसाची पिंजण, तिच्यावर ठिणगी पडली तर ती भडकण्यापेक्षा आतल्या आत धुमसत राहते. विझली म्हणून पाठ फिरवावी तर तासाभराने पुन्हा धूर. रसायन विभागात द्रावकांच्या बाटल्या, त्यांची वाफ ओट्यावरून खाली उतरून दूरच्या बर्नरपर्यंत सरपटत जाते. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेल्या सोडियमवर पाणी ओतलं तर स्फोटच, तिथे कोरडी वाळू लागते. मेसमध्ये कढईतलं तेल पेटलं तर पाणी नाही, झाकण. गॅस सिलिंडरची नळी पेटली तर आधी रेग्युलेटर. आणि वसतिगृहात? तिथे तर एकाच बोर्डाला चार्जर, कूलर, मॅगीची केटली आणि बादलीत सोडलेला हीटरचा रॉड. मराठवाड्याच्या मे महिन्यात वायरिंग आधीच तापलेलं असतं, त्यात हा भार.

कायदा याबाबतीत कमी बोललेला नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 चा. त्यात यंत्रणा सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरकर्त्यावर टाकली आहे, अग्निशमन दलावर नाही. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘फॉर्म बी’ द्यायचा. फॉर्म भरणं आपल्याला जमतं. माझं म्हणणं असं की आपण सगळी शिस्त त्या सिलिंडरवर खर्च करतो आणि जिन्याखालचं लोखंडी चॅनेल गेट विसरतो.

आजवरच्या मोठ्या आगींचे तपशील चाळले तर माणसं ज्वाळेने कमी, धुराने आणि वाट न मिळाल्याने जास्त मेलेली दिसतात. कुंभकोणमच्या शाळेत 16 जुलै 2004 रोजी 94 मुलं गेली. जिने अरुंद, छत शाकारलेलं. सुरतेच्या तक्षशिला इमारतीत 24 मे 2019 ला शिकवणीला आलेली 22 मुलं गेली, काहींनी वरून उड्या टाकल्या. लातूरच्या क्लासवाल्या गल्ल्यांतून फिरताना ही बातमी आठवल्याशिवाय राहत नाही. महाराष्ट्रात 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या रुग्णालयात दहा बाळं दगावली, त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. प्रत्येक वेळी राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले.

वसतिगृहाचं मागचं दार का बंद असतं याला कारण आहे, आणि ते रास्त वाटतं: मुलींची सुरक्षा, चोऱ्या, रात्रीची ये-जा. म्हणून वॉर्डन कुलूप लावतात आणि किल्ली वॉचमनच्या जुडग्यात जाते. वॉचमन मामा पुढच्या गेटवर, कुलूप मागच्या जिन्याला. धुरात जुडग्यातली चौथी की सहावी किल्ली हे ओळखता येत नाही. यावर उपाय जुनाच आहे: आतून दाबलं की उघडणारं आडव्या दांडीचं दार. बाहेरून कुणी येऊ शकत नाही, आतून कुणी अडकत नाही. सिनेमागृहात आपण ते नेहमी बघतो.

मॉक ड्रिलचं मात्र आपल्याकडे लग्न होतं. बॅनर, प्रमुख पाहुणे, अंगणात पेटवलेला रॉकेलचा ट्रे, एकाने तो विझवायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या. उपयोगी सराव याच्या उलट असतो: न सांगता, पावसाळ्यात, जेवणाच्या वेळी. घंटा वाजली की लिफ्ट सोडून जिना, धूर असेल तर वाकून, कारण जमिनीलगतची हवा त्यातल्या त्यात श्वास घेण्यासारखी असते. मग ठरलेल्या मैदानात हजेरी. ही हजेरी सगळ्यात अवघड. कोण सुट्टीला गावी गेलंय आणि कोण खोलीत झोपलंय, हे माहीत नसेल तर जवानांना रिकाम्या खोलीसाठी जीव धोक्यात घालावा लागतो.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीनंतर भूकंपाची भीती इथल्या हाडात आहे, आणि 2024 च्या मार्च व जुलैत हिंगोलीकडच्या धक्क्यांनी नांदेड पुन्हा हललं. भूकंपात हलणं थांबेपर्यंत बाकाखाली राहायचं असतं, आगीत तात्काळ निघायचं असतं. एकच घंटा दोन्हींसाठी वाजवली तर मुलं चुकीचं करणार. दोन वेगळे आवाज ठरवायला पैसे लागत नाहीत. रुग्णालयात तर तिसरीच रीत: तिथे रुग्णाला जिन्याने उतरवत नाहीत, पलंगासकट त्याच मजल्यावर आगरोधक दारापलीकडच्या भागात ढकलतात, आणि ऑक्सिजनची झडप कुणी बंद करायची ते आधी ठरलेलं असतं.

राहता राहिला फोन, 101 किंवा 112. विष्णुपुरीतून बोलणारा मुलगा घाईत म्हणतो, कॉलेजला आग लागलीय. कुठल्या कॉलेजला? अभियांत्रिकी, मेडिकल की विद्यापीठातला एखादा विभाग? शहरातून येणारी गाडी चुकीच्या कमानीत वळली तर बंबाएवढं वाहन मागे घ्यायला जाणारी मिनिटं सिलिंडरच्या वीस सेकंदांपेक्षा कितीतरी जास्त असतात. म्हणून संस्थेचं पूर्ण नाव, इमारत, मजला, काय पेटलंय आणि गाडीने कुठल्या फाटकातून यायचं, हे पाच तपशील सिलिंडरशेजारीच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत, आणि फोन ठेवताच एकाने टॉर्च घेऊन त्या फाटकावर पळत जावं.