बसमधल्या इंजिनासकट अल्बम

जॅक्सन ब्राउनचा 'रनिंग ऑन एम्प्टी' डिसेंबर १९७७ मध्ये आला. दौऱ्यावरच्या गवयांचं जगणं सांगणारी दहा गाणी, आणि एकही स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेलं नाही. काही भर कार्यक्रमात, काही हॉटेलच्या खोलीत. 'नथिंग बट टाइम' तर चक्क धावत्या बसमध्ये. कान देऊन ऐका, गाण्याखाली इंजिनाची घरघर आहे. ती पुसली नाही, हे फार बरं केलं.

मला सर्वांत जवळचं 'द लोड-आउट'. पियानोवर हळूच सुरू होणारं हे गाणं सामान आवरणाऱ्या कामगारांचं आहे. त्यालाच जोडून येतं 'स्टे', मॉरिस विल्यम्सचं १९६० सालचं; त्यात डेव्हिड लिंडलीचा उंच, किनरा आवाज हटकून हसू आणतो.

कामरगावात ऑर्केस्ट्रा संपल्यावर पोरं मध्यरात्री केबलची वेटोळी खांद्यावर टाकून टेम्पो भरतात, तेव्हा 'द लोड-आउट'च आठवतं. तमाशाच्या फडात राहुटी उभारणाऱ्या अशा माणसांना बिगारी म्हणतात. दसऱ्यानंतर फड उन्हाळ्यापर्यंत गावोगाव फिरतो, आणि त्यांची झोप पुढच्या गावाच्या वाटेवर, ट्रकमधल्या सामानावरच होते.