आदिलाबादची थंडी, आदिलाबादचं ऊन आणि घरातला फिशटँक

आदिलाबाद : दिवाळीत पोरांच्या हट्टापायी घरात फिशटँक येतो. दोन फुटी काचेची टाकी, तळाला रंगीत खडे, प्लास्टिकचं एक झाड, चार गोल्डफिश, दोन एंजल, पाच-सहा गप्पी. संक्रांत येता येता त्यातले निम्मे पोट वर करून तरंगतात. उरलेले मे महिन्यात जातात. मग "आपल्याकडचं पाणी माशाला मानवत नाही" असं म्हणून टाकी माळ्यावर चढते. पाणी मानवत नाही हे बऱ्याचदा खरंच असतं, पण कुणी त्या पाण्यात थर्मामीटर घालून बघत नाही.

मासा थंड रक्ताचा प्राणी. आपल्या अंगात ३७ अंश कायम राहतात, बाहेर काहीही असो. माशाचं तसं नाही, पाणी जेवढं तेवढंच त्याचं अंग. पाणी १५ अंशांवर आलं की त्याचं पचन मंदावतं, रोगाशी झगडायची ताकद कमी होते. पाणी ३४ वर गेलं की शरीराची भट्टी जोरात चालते आणि त्याला जास्त प्राणवायू लागतो.

आता आपला जिल्हा बघा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. हिवाळ्यात तेलंगणातल्या सगळ्यात थंड गावांची यादी आली की त्यात अर्ली (टी) चं नाव हमखास असतं. पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच दिवशी दुपारी २७-२८ वर जातो. उन्हाळ्यात ४४-४५ आपल्याला नवीन नाही. दुकानातले रंगीत मासे मात्र इथले नसतात. देशात शोभेच्या माशांचा मोठा धंदा चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याकडे चालतो. चेन्नईत जानेवारीची रात्रसुद्धा २० अंशांच्या आसपास असते. तिथल्या हवेत वाढलेला एंजल डिसेंबरात आपल्या घरी येतो, तेव्हा त्याच्या दृष्टीनं तो काश्मीरलाच येतो. यूट्यूबवर मुंबईचा माणूस सांगतो, "हीटरची काही गरज नाही." त्याच्या घरात नसेलही. जैनथ, बेला, तांसीकडच्या घरात आहे.

कुणाला किती अंश?

गोल्डफिशला १८ ते २४ अंश बरे वाटतात, थंडी तो बऱ्यापैकी काढतो. गप्पीला २२ ते २८, फायटर म्हणजे बेट्टा, मॉली आणि एंजलला २४ ते २८. डिस्कसला तर २८-३० लागतात. म्हणून गोल्डफिश आणि एंजल एका टाकीत ठेवणं म्हणजे एकाला कायम उकडणार नाहीतर दुसऱ्याला कायम गारठा. दुकानदार हे सहसा सांगत नाही.

तरी नुसत्या आकड्यापेक्षा चढउतार जास्त मारतो. २६ वरून हळूहळू २२ वर आलेलं पाणी गप्पी सहन करते. रात्री १७ आणि दुपारी २५ असं रोज व्हायला लागलं की आठ-दहा दिवसांत अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. हा परजीवी आहे. औषध त्याला तो माशाच्या अंगावरून सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच लागू पडतं. कोमट पाण्यात त्याचं चक्र काही दिवसांत पुरं होतं, गार पाण्यात लांबतं. म्हणून थंडीत निळं औषध दोन दिवस घालून बंद केलं की ठिपके परत येतात.

उन्हाळ्याचं गणित वेगळं. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३२ अंशांना तो सव्वासातवर येतो. गरज वाढते, पुरवठा घटतो. मासे वर येऊन तोंड उघडं-मिट करतात ते यामुळे. त्यात भर अमोनियाची. माशाची विष्ठा आणि उरलेलं खाणं यातून तो तयार होतो आणि पाणी जितकं गरम तितका त्यातला विषारी भाग वाढतो. बोअरचं पाणी क्षारयुक्त असलं तर आणखीच. म्हणून मे महिन्यात खाणं निम्मं करा. भुकेनं मासा चार दिवसांत मरत नाही.

जाता जाता, तेलंगणाचा राज्यमासा कोरमीनू, म्हणजे आपली मरळ, आटत्या तळ्यातही तग धरते, कारण ती वर येऊन हवेतून श्वास घेते. दुकानातल्यांपैकी फायटर आणि गौरामीला ही सोय आहे. आपल्या उन्हाळ्यात हे दोघं बाकीच्यांपेक्षा टिकतात ते उगाच नाही.

थंडीत हीटर

आधी थर्मामीटर घ्या, आतून काचेला चिकटवायचा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला बघा, कारण पाणी हवेच्या मागून तापतं. दोन आकड्यांत दोन-तीन अंशांपेक्षा जास्त फरक नको. टाकी लहान तितका फरक मोठा, त्यामुळे ती गोल काचेची बरणी आपल्या हवेत कामाची नाही.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत खडे वगळून ४५ लिटरच्या आसपास पाणी बसतं. लिटरमागे एक वॅट असा हिशोब सगळीकडे सांगतात, पण आपल्याकडं बैठकीतली हवाही रात्री १४-१५ वर येते. तेव्हा या टाकीला ७५ ते १०० वॅटचा, थर्मोस्टॅटवाला हीटर घ्या. १०० वॅटचा हीटर रात्रभर दहा तास अखंड चालला तरी एक युनिट जळतं, आणि थर्मोस्टॅट तो अखंड चालूच देत नाही. फिल्टरच्या पाण्याच्या धारेजवळ लावा, थर्मामीटर दुसऱ्या टोकाला. पाणी थंड झालेलं असेल तर एकदम २६ वर लावू नका, रोज दोन अंश वाढवा.

पाणी बदलताना हीटरचं बटण बंद करून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मगच पाणी काढायचं. गरम काच हवेत उघडी पडली आणि वर गार पाणी आलं की तडकते. तडकलेल्या हीटरसकट टाकीत हात घालणं जिवावर बेतू शकतं. अर्थिंग असलेला सॉकेट हवा आणि वायर सॉकेटच्या खाली झुलून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खाली गळतं.

उन्हाळ्यात माठाची युक्ती

पाणी गार करायचं चिलर नावाचं यंत्र मिळतं, पण ते घरच्या दोन फुटी टाकीपेक्षा महाग पडतं. त्याची गरजही नाही. माठातलं पाणी गार का होतं? बाहेर झिरपलेलं पाणी वाळताना उष्णता घेऊन जातं. टाकीच्या पाण्यावर आडवा पंखा सोडला की तेच होतं. संगणकाच्या डब्यातला १२ व्होल्टचा छोटा पंखा अडॅप्टरवर लावला तरी चालतो. आपला एप्रिल-मे कोरडा असतो, म्हणून ही युक्ती इथे मुंबईपेक्षा कितीतरी चांगली चालते. पाणी खोलीपेक्षा तीन-चार अंश सहज खाली राहतं. झाकण काढावं लागेल, तेव्हा वर मच्छरदाणीचा तुकडा ताणा, नाहीतर मासा बाहेर उडी मारेल. पाणी रोज कमी होईल तेवढं भरत राहा. पण वाफ होताना क्षार मागेच राहतात, म्हणून आठवड्याला पाव भाग पाणी बदलणं सुटत नाही.

बर्फ घालणाऱ्यांसाठी एक हिशोब : एक लिटर पाणी वाळताना जेवढी उष्णता नेतं, तेवढी घ्यायला पाच किलोपेक्षा जास्त बर्फ वितळावा लागतो. तरी अडीनडीला बर्फ लागतोच. अर्ध्या लिटरची बाटली गोठवून बंदच टाकीत सोडा. ४५ लिटर पाणी सव्वा अंशानं उतरेल. एका वेळी एकच बाटली. घाबरून चार सोडल्या तर पाच अंशांचा झटका बसतो, आणि उन्हानं न मेलेला मासा त्यानं मरतो.

खोलीत वाळ्याचा कूलर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवा. कोंडलेल्या दमट हवेत ना कूलर नीट चालतो, ना टाकीवरचा पंखा. टाकी पत्र्याखाली, पश्चिमेच्या भिंतीला किंवा कूलरच्या थेट झोतात नको.

सगळ्यात जास्त मासे मात्र पाणी बदलताना मरतात, असं माझं मत आहे. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात दुपारी हात भाजवतं आणि जानेवारीत सकाळी हात बधिर करतं. तेच नळानं थेट आत जातं. त्यापेक्षा बोअर चालू करून पाच मिनिटं वाहू द्या. जमिनीखालून येणारं पाणी बाराही महिने २६-२८ अंशांच्या आसपास असतं. त्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून ते बादलीत एअरपंप लावून काही तास ठेवायचं, आणि ओतायच्या आधी बादलीत थर्मामीटर बुडवायचा. नगरपालिकेचं पाणी असेल तर क्लोरिन मारायचं औषधही घाला.

करंट गेला तर? थंडीत टाकीभोवती जुनी चादर किंवा घोंगडी गुंडाळा, वरून थोडी फट सोडा. दोन फुटी टाकी तीन-चार तास तरी धीर धरते. इन्व्हर्टरवर हीटर टाकू नका, बॅटरी लवकर बसेल. उन्हाळ्यात उलट, इन्व्हर्टरवर एअरपंप आधी. तो पाच वॅटही खात नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा पंप घरात ठेवावा, आणि तोही नसेल तर तांब्यानं टाकीतलंच पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओतत राहायचं, दर दहा मिनिटांनी. हे काम पोरं आनंदानं करतात.